हिपॅटायटिस सी आणि मातेचे दूध



गरोदरपणातील रक्ततपासणीत ‘हिपॅटायटिस सी’ निघाला, की काही घरांत सुनेचे ताट वेगळे होते आणि बाळाचे अंगावरचे दूध तोडले जाते. या दोन्ही गोष्टींना शास्त्राचा आधार नाही.

यकृत हळूहळू पोखरणारा हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. तो रक्तावाटे पसरतो. अन्न, स्पर्श वा मातेचे दूध यांवाटे नव्हे. स्तनाग्रास भेग पडून रक्त येत असेल, तर ते बरे होईपर्यंतच स्तनपान थांबवावे. पूर्वी न तपासता दिलेले रक्त किंवा पुन्हा वापरलेली सुई यांतूनही लागण झालेली असू शकते. त्यात त्या मातेचा दोष कोणता?

बाधित मातांच्या १०० बाळांपैकी सुमारे ५ ते ६ बाळांनाच लागण होते. मातेची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून प्रतिपिंडांची चाचणी १८ महिन्यांनंतर करावी. त्याआधी त्या चाचणीवरून बाळास बाधित ठरवू नये.

या रोगावर लस नाही, परंतु साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व उपचार विनामूल्य आहेत; त्याची चौकशी सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात करावी. गरोदरपणात ही औषधे सहसा देत नाहीत. म्हणून गर्भधारणेपूर्वीच तपासणी व्हावी, हे उत्तम.

शुक्रवार पेठेतील सासूबाईंनी या तपासणीस सुनेसोबत स्वतः जावे, एवढीच नम्र विनंती.