ड्यूटी लिस्ट तुमच्या हाती येईल तेव्हा

आजपासून नावामागे डॉक्टर लावणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले बरेच जण लवकरच रेसिडेन्सीला लागतील. तिथे पहिल्याच आठवड्यात सीनियर सांगतील, ‘आम्ही छत्तीस-छत्तीस तास काढले, तुम्हीही काढा, त्यातूनच शिकाल.’ आज मला या वाक्याविषयी बोलायचं आहे. ते आपुलकीनं सांगितलं जातं, आणि त्यापायी चांगली मुलं आजारी पडतात.

पहाटे चारचा मेडिसिन वॉर्ड तुम्ही इंटर्नशिपमध्ये पाहिला आहे. आदल्या सकाळी आलेली रेसिडेंट सिस्टरच्या टेबलापाशी उभ्यानंच केसपेपर लिहिते आहे. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा वाचते. इन्सुलिनच्या चारपुढे तिनं घाईत काढलेलं इंग्रजी ‘यू’ शून्यासारखं दिसतं, चाराचे चाळीस होतात. सिस्टर हटकते म्हणून निभावतं. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे. चोवीस तास ती झोपलेली नाही, एवढंच.

1997 साली ‘नेचर’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. सलग 17 तास जागं राहिलं की हात-डोळ्यांचं काम रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखं घसरतं, 24 तासांनी 0.10 टक्के असल्यासारखं. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. ज्या अवस्थेत कुणाला स्कूटरची किल्ली देऊ नये, त्या अवस्थेत आपण सेंट्रल लाइन टाकायला सांगतो. मग त्याच माणसाला स्कूटरवरून घरीही धाडतो. पोस्ट-ड्यूटी गाडी चालवू नका. रिक्षा करा, नाहीतर हॉस्टेलवर झोपून मग निघा.

शरीरही हिशेब ठेवतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये सांगितलं की आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. रेसिडेंटचे 55 तास कित्येकदा गुरुवारीच भरतात.

म्हणून रुग्णाला विचारता ते स्वतःला विचारा. झोप किती? जेवण कधी? पाळी नियमित आहे का? रुग्णाचा राग येऊ लागला, तर तो तुमचा स्वभाव आहे असं समजू नका, ते लक्षण आहे. आपल्याच कॉलेजच्या मानसोपचार विभागात जायला संकोच वाटत असेल, तर बाहेर कुणाकडे जा. 14416 वर टेली-मानसला फोन करा. तुम्ही रुग्णांना हा नंबर देणारच आहात.

पण छत्तीस तासांच्या ड्यूटीवर प्राणायाम हा उपचार होत नाही, हेही मला स्पष्ट सांगायचं आहे. केंद्र सरकारच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला 48 तास आणि सलग 12 तास अशी मर्यादा लिहिलेली आहे. ती कागदावरून वॉर्डात एकट्यादुकट्याच्या धाडसानं येणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांना एकत्र आणलं, आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. मधली सहा वर्षं सभा, अर्ज आणि सह्या यांत गेली. लोखंडे यांनी कामगारांना आणखी काटक व्हायला सांगितलं नाही, त्यांच्यासाठी दिवस मागून घेतला.

तीन-चार वर्षांत तुमच्यातलंच कुणी चीफ रेसिडेंट होईल, पुढे लेक्चरर होईल. ड्यूटी लिस्ट तुमच्या हाती येईल. तिला कारकुनी काम समजून ज्युनियरवर ढकलू नका. रात्र काढलेल्याचं नाव सकाळच्या ओपीडीत घालू नका. हँडओव्हरला वेगळा अर्धा तास ठेवा. कुणी आजारी पडलं तर त्याच्या जागी कोण, हे आधीच लिहा. माणसं पुरत नसतील तर डीनना लेखी कळवा, नुसतं तोंडी सांगू नका. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही तर सर्वांच्या सह्यांनिशी दुसरं लिहा, आणि आवक क्रमांक घातलेली प्रत जवळ ठेवा.