घाईत फुटलेला वाडगा

(अमरावती येथे मंडळीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या हातात आंब्याच्या लाकडाचे दोन वाडगे आहेत. एकाला बोट जाईल एवढी फट पडली आहे. दुसरा धड आहे. त्याच्या बुडाशी काळी गाठ आहे, रंगही सगळीकडे सारखा नाही. दोन्ही एकाच मुलाने केले.

हा धारणी तालुक्यातला कोरकू तरुण. दिवाळीनंतर मेळघाटातली कितीतरी कुटुंबं कामासाठी खाली उतरतात. कुणी कापूस वेचायला, कुणी वीटभट्टीवर. तोही असाच यायचा. त्याच्या हातात कसब दिसलं, म्हणून आम्ही त्याला अकोल्यात एका सुताराकडे खराद शिकायला ठेवलं. तिथे पलंगाचे पाय आणि लाटणी उतरवतात. आम्ही म्हटलं, तू वाडगे कर, नाताळच्या विक्रीत ठेवू. मेळघाटात 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथलं लाकूड असंच उचलता येत नाही. एका शेतात वादळाने पडलेला आंबा मिळाला, तोच वापरला.

काम असं असतं. ओंडका गाभ्यातून उभा चिरायचा, कारण गाभा आत राहिला की तडा तिथूनच सुरू होतो. मग कोपरे तासून गोल ठोकळा करायचा आणि लोखंडी तबकडीला स्क्रूने आवळून यंत्रावर चढवायचा. वेग सुरुवातीला कमी. सैल बाही किंवा गळ्यात दुपट्टा चालत नाही. चेहऱ्यावर झडप हवी. आधी बाहेरचा आकार काढायचा, मग ठोकळा उलटा बसवून आतून कोरायचं. ओलं लाकूड सहज कापलं जातं, लांब फिती सुटतात. बघणाऱ्याला वाटतं, तासाभरात वाडगा झाला!

मलाही तसंच वाटलं. ऑक्टोबरचं ऊन होतं. लवकर वाळावेत म्हणून बारा वाडगे टिनावर ठेवायला मीच सांगितलं. आठवड्यात एकेक तडकला. मुलगा काही बोलला नाही, गावी निघून गेला. त्याला वाटलं, चूक आपलीच.

मी त्याच्या घरी गेलो. वडिलांनी फुटका वाडगा हातात फिरवून पाहिला आणि मला घरामागे नेलं. तिथे नांगरासाठी तोडलेलं लाकूड सावलीत, गवताखाली ठेवलेलं होतं. कधीपासून, असं मी विचारलं. मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून, ते म्हणाले. त्यांना हे आधीच विचारायला हवं होतं. धर्मशिक्षणाची पदविका घेतलेल्या मला ते सुचलं नव्हतं.

मुलगा परत आला. या वेळी वाडगे फक्त ढोबळ उतरवले. दहा इंची वाडग्याची भिंत एक इंच जाड ठेवली. लाकडाच्या आडव्या कापावर, जिथून पाणी लवकर उडतं, मेण लावलं. मग त्याच लाकडाच्या भुशात, पोत्यात बांधून, उन्हापासून दूर ठेवले. आठ महिन्यांत ते वाकून लंबगोल झाले, पण फुटले नाहीत. पुन्हा यंत्रावर चढवून पातळ केले आणि जवसाचं तेल पाजलं.

यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला, ते आपल्याला पाठ आहे. भांडं बिघडलं तर कुंभार त्याच मातीचा पुन्हा गोळा करतो. लाकडाला ती सवलत नाही. काढलेला ढलपा परत लागत नाही. म्हणून हात जपून चालवावा लागतो. कोरकू या शब्दाचा अर्थच ‘माणसं’ असा आहे. आपण माणसांमध्ये काम करतो आहोत.

तुम्ही दर तीन महिन्यांनी विचारता, किती शिकले, किती विकलं? जरूर विचारा, तुमचा हक्क आहे. पण त्या आठ महिन्यांत विकायला एकही वाडगा नव्हता. सुताराकडच्या लाटण्यांचे थोडे पैसे आणि तुमच्या देणगीतली मजुरी, यावर तो टिकला. नाहीतर तो भट्टीवर गेला असता. माझी विनंती एवढीच, की दान देताना या रिकाम्या महिन्यांसाठीही द्या.

आजचं अर्पण या धड वाडग्यात घेऊ या. फुटका माझ्या टेबलावर राहील. प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.