पिल्सनर: घरच्या पातेल्यातली कसोटी

१८३८ साली बोहेमियातल्या पिल्सेनकरांनी बिघडलेल्या बिअरची पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. मग गावानेच नवी ब्रूअरी उभारली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल या ब्रूअरला बोलावलं. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा लावला. मोराव्हियाचं जव, झाटेकचे हॉप्स, अत्यंत मृदू पाणी आणि थंडीत काम करणारं यीस्ट यांतून सोनेरी बिअर उतरली, तीच पिल्सनर.

जिनसा चारच, म्हणून दोष लपवायला जागा नाही.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं दारूबंदी कायद्यात बसत नाही. त्यामुळे इथलं उदाहरण अमेरिकेतलं. तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने तिथल्या घरगुती ब्रूअरांना मोकळीक मिळाली. नवशिक्या सहसा मॉल्ट एक्स्ट्रॅक्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या (मॉल्टच्या) आटवलेल्या अर्कापासून, सुरुवात करतो, मग थोडं धान्य स्वतः भिजवू लागतो. १९ लिटरला २ किलो पिल्सनर मॉल्ट आणि १.४ किलो फिकट कोरडं एक्स्ट्रॅक्ट घेतलं, तर मूळ (आंबण्याआधीची) घनता १.०४८च्या आसपास येते. कृती सुधारायची तर यातला कोणता निर्णय आपला आणि कोणता एक्स्ट्रॅक्ट करणाऱ्याने आधीच घेतलेला, हे ओळखणं सर्वांत महत्त्वाचं.

एक्स्ट्रॅक्टमधली किती साखर यीस्ट खाणार, हे कारखान्यातच ठरलेलं असतं. धान्याचं तसं नाही. दळलेलं मॉल्ट ६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की त्यातली एन्झाइम्स पिष्टाची साखर करतात. बिअर गोडसर, जड लागली तर पुढच्या वेळी हे तापमान ६४ वर आणावं. एक्स्ट्रॅक्टचं वजन बदलून तो दोष जात नाही. पाण्याचंही असंच आहे. कारखान्यातल्या पाण्याचे क्षार एक्स्ट्रॅक्टमध्ये आलेलेच असतात. नळाचं जड पाणी वापरलं तर त्यांत भर पडते, म्हणून आरओचं पाणी बरं.

रंग हा सगळ्यांचा दुखरा भाग. दाट द्रव दीर्घकाळ उकळला की साखर आणि अमिनो आम्लं यांच्या अभिक्रियेने तो तांबूस होतो. त्यावर उपाय म्हणजे निम्मं एक्स्ट्रॅक्ट शेवटच्या पंधरा मिनिटांत घालायचं. पण मग उकळ पातळ राहते, पातळ द्रवात हॉप्सचा कडूपणा जास्त उतरतो आणि हॉप्सचं माप पुन्हा जुळवावं लागतं. म्हणूनच एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याचे परिणाम टिपून ठेवायचे.

धान्याचा वाटा वाढला की उकडलेल्या मक्यासारखा वास येण्याची शक्यताही वाढते. फिकट मॉल्ट कमी भाजलेलं असतं. त्यात राहिलेल्या घटकापासून उकळताना डायमिथिल सल्फाइड तयार होतं. ते वाफेबरोबर जावं म्हणून पातेलं नव्वद मिनिटं उघडंच उकळावं, झाकण मुळीच ठेवू नये.

यीस्ट भरपूर हवं. एल या उबेत आंबणाऱ्या बिअरला लागतं त्याच्या सुमारे दुप्पट. आंबवण १० ते १२ अंशांवर, शेवटाला दोन दिवस १६ अंशांवर, मग शून्याजवळ काही आठवडे. मधली ऊब आंबताना तयार होणाऱ्या डायासिटिलचा लोण्यासारखा वास घालवते. झेक पद्धतीच्या पिल्सनरमध्ये त्याची पुसट छटा चालते, जर्मन पद्धतीत चालत नाही. तेव्हा ती छटा जाणवली की आपल्याला यांपैकी कोणती बिअर हवी आहे, हे आधी ठरवावं आणि मगच कृतीला हात लावावा.