आधी वाफा, मग शेत

(कळंब येथे तरुण शेतकरी व नवउद्योजकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



नवा उद्योग म्हटला की आपल्याकडे प्रथम इमारत उभी राहते, मग फलक लागतो, थाटात उद्घाटन होते. गिऱ्हाइकाची आठवण मात्र सर्वांत शेवटी येते. कर्जत तालुक्यात पर्यटनाची चलती आहे. त्यामुळे जमिनीचा एखादा तुकडा विकून, वर कर्ज काढून चार खोल्या बांधण्याचा मोह तरुणांना होणे स्वाभाविक आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गर्दी होते; परंतु बँकेचा हप्ता ऋतू पाहून येत नाही.

जगभरातील नवउद्योजक आज ‘लीन’ आणि ‘अजाईल’ या दोन शब्दांचा जप करतात. पहिल्याचे मूळ जपानच्या टोयोटा कारखान्यात आहे. ताइची ओनो यांनी तेथे ‘मुदा’, म्हणजे निष्फळ खर्च, हुडकून काढण्याची शिस्त लावली. दुसरा शब्द 2001 साली अमेरिकेतील युटा प्रांतात जमलेल्या सतरा संगणकतज्ज्ञांनी रूढ केला : थोडे काम करावे, वापरणाऱ्याला दाखवावे, चूक उमगली की सुधारावे. एरिक रीस यांनी 2011 च्या आपल्या पुस्तकात नवउद्योगांसाठी या विचाराची मांडणी केली. भारी शब्द बाजूला ठेवले, तर हा विचार शेतकऱ्याला परका नाही.

त्याचे उदाहरण येथून हाकेच्या अंतरावर आहे. नेरळजवळील सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातशेतीतील प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारला : हे केलेच नाही तर काय बिघडेल? नांगरणी, चिखलणी, रोपवाटिका, लावणी ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मजूर मिळेनासे झाल्यावर याच कामांनी भातशेती तोट्यात लोटली. ‘सगुणा राइस टेक्निक’ अर्थात एसआरटी पद्धतीत ही सर्व कामे वगळली जातात. एकदा कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने नेमक्या अंतरावर छिद्रे पाडायची, त्यांत बियाणे टोकायचे. कापणीनंतर मुळे उपटायची नाहीत. ती जमिनीतच कुजतात, गांडुळे वाढतात, माती भुसभुशीत राहते. त्याच वाफ्यावर पुढे वाल घेता येतो. टोयोटाच्या अभियंत्याने हे पाहिले असते, तर त्याला दुभाष्याची गरज पडली नसती!

या पद्धतीत तणनाशकाचा वापर होतो आणि त्यावर आक्षेपही आहेत. ते दडपून चालणार नाही. एक खर्च वाचवताना दुसरे ओझे जमिनीवर पडते काय, याचाही हिशेब ठेवला पाहिजे.

मात्र संगणकाची रीत शेतीला जशीच्या तशी लावता येत नाही. तेथे दर पंधरवड्याला सुधारणा होते. पावसाळी भात वर्षातून एकदाच येतो. एक चूक कळायला एक वर्ष गेले, तर दहा चुकांत उमेद संपेल. म्हणून प्रयोग काळात नव्हे, तर जागेत विभागावे लागतात. एका खाचरात जुनी पद्धत, शेजारच्यात नवी, तिसऱ्यात वेगळे वाण. एकाच पावसाळ्यात तीन उत्तरे मिळतात. पर्यटनालाही हेच लागू. आधी घरातील एक खोली, घरचेच भाकरी-पिठले आणि आलेल्या पाहुण्याला स्पष्ट प्रश्न : पुन्हा याल काय, आणि नसल्यास का? त्याचे उत्तर वहीत लिहून ठेवावे. दुसऱ्या खोलीचा पाया त्यानंतर खणावा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर पडून राहिले. ज्याने कडबा कापण्याचे यंत्र आधीच विकून पाहिले होते, त्या माणसाजवळ तग धरण्याचे बळ होते. किर्लोस्करवाडी वसली ती 1910 साली, नांगराला गिऱ्हाईक मिळाल्यानंतर.