दमाचा खेळ आणि नभोवाणी



भातकापणी उरकून खाचरे मोकळी झाली, की कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गावोगावी त्या जमिनीवर पाणी मारून, ती चोपून चुन्याच्या रेषा आखल्या जातात, आणि ज्या खेळाला आमचे आजोबा हुतुतू म्हणत व आम्ही कबड्डी म्हणतो, त्याचे सामने अपरात्रीपर्यंत रंगतात. चौकच्या संघाचा कोपरारक्षक घोटा धरतो की कंबर, हे कडाव-कशेळ्याच्या पोरांनाही ठाऊक असते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी नभोवाणीवरील क्रीडावृत्त ऐकावे, तर सातासमुद्रापलीकडच्या मैदानावर कोणता फलंदाज कितव्या षटकात बाद झाला एवढेच कानी पडते; रात्रभर जागलेल्या आपल्या मुलखाचा त्यात उल्लेखही नसतो.

क्रिकेटशी माझे वैर नाही. 1934 साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांचे धावते वर्णन तल्यारखानांनी नभोवाणीवरून केले, आणि पुढे बाळ ज. पंडितांनी तेच वर्णन मराठीत आणून या परक्या खेळाला घरची भाषा दिली, हे उपकार मी विसरलेलो नाही. खोपोलीच्या एका शिंप्याच्या दुकानात कसोटी सामन्याच्या दिवशी शिवणयंत्र थांबत असे, आणि ज्याने इंग्रजीचे एक अक्षरही गिरवले नव्हते असा एक गडी केवळ त्या मराठी वर्णनावरून पायरीच्या धुळीत बोटाने क्षेत्ररचना आखून दाखवीत असे. शब्दांचे हे सामर्थ्य मी स्वतः पाहिले आहे, आणि म्हणूनच ते एकाच खेळाच्या दिमतीला राहावे याचे मला दुःख होते.

यावर जाणकारांचे म्हणणे असे, की क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये उसंत मिळते व ती उसंत वर्णनकाराच्या उपयोगी पडते; उलट तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद मैदानात, तीस सेकंदांच्या चढाईत, एकावर सात जण तुटून पडतात, ते शब्दांत कसे पकडावे? हा आक्षेप मला मान्य नाही. आमच्या जत्रांतून कर्ण्यावर बसणारा समालोचक, ज्याचा घसा शेवटच्या सामन्यापर्यंत पार बसलेला असतो, चढाईपटूने निदान रेषा ओलांडली, डावा कोपरा पुढे सरला, साखळी पडली, लोण चढला, हे सारे क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, आणि गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या, मैदान मुळीच न दिसणाऱ्या बायाबापड्या त्याच्या आवाजावर सामना पाहतात.

शिवाय, या खेळाचा मुख्य कायदाच कानाचा आहे. क्रिकेटच्या पंचाला बॅटची कड लागली की नाही एवढ्यापुरता कान लागतो. कबड्डीचा पंच मात्र चढाईच्या आरंभापासून अखेरपर्यंत दम ऐकत असतो, आणि तो तुटला की खेळाडू बाद. नजरेपेक्षा श्रवणावर चालणाऱ्या खेळाला नभोवाणीइतके अनुरूप साधन दुसरे कोणते?

1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला या खेळाची प्रात्यक्षिके दाखविली, आणि 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला तेव्हापासून 2014 पर्यंत प्रत्येक वेळी पुरुषांचे सुवर्णपदक भारताकडे आले. त्याच 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली व दूरचित्रवाणीने खेळाला झगमगाट दिला; तथापि तो झगमगाट शहरांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संघांचा. खाचरातल्या संघाचे नाव कोणी घ्यावे?

माझी मागणी मोठी नाही. आठवड्यातून अर्धा तास, एका गावचा एक सामना. मध्यरेषेलगत, पंचाच्या पायापाशी, एक मायक्रोफोन ठेवावा. तळहाताला माती चोळून पोरगा पलीकडे शिरेल, पहिला शब्द मोठ्याने उच्चारील, मग तोच शब्द हळूहळू बारीक, घोगरा, घाईचा होत जाईल. आणि त्या क्षणी वर्णनकाराने काही बोलू नये.