पंचगंगेचं पाणी

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून पंचगंगा होते. कोल्हापूर, इचलकरंजीजवळून वाहत ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या वाटेत तिच्यात शहरांचं सांडपाणी मिसळतं, कापड प्रक्रिया उद्योगांचं रंगीत पाणी येतं आणि उसाच्या शेतातली जादा खतं पावसाबरोबर उतरतात.

स्वच्छ नदीच्या एक लिटर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मैला कुजवताना जिवाणू तो संपवतात. मग मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि थव्यानं मरतात. खतांवर जलपर्णी पोसते. माणसांनाही हे भोवतं. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून पसरलेल्या काविळीनं अनेकांचे प्राण घेतले.

यावर उपाय आहेत. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आधी जाळीवर कचरा अडतो, मग वाळू आणि गाळ खाली बसतो. पुढच्या टाकीत हवा सोडतात. तिथं जिवाणू घाण खातात आणि नदीतला प्राणवायू वाचतो. शेवटी क्लोरीननं निर्जंतुकीकरण होतं. रंग आणि रसायनांवर मात्र कारखान्यातच वेगळी प्रक्रिया हवी.

घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ बसतो, पण जंतू उरतात. म्हणून पाणी गाळा, खळखळ उकळा आणि झाकून ठेवा. गावाचा नाला प्रक्रियेविना नदीत जात असेल, तर ग्रामसभेत तो विषय जरूर मांडा.