अठरा हजारांतल्या तीन फायली

विद्यापीठातलं संशोधन कुणाच्या मालकीचं, हा विषय निघाला की आपण थेट पेटंटावर जातो. अमेरिकेत १९८० साली बे-डोल कायदा झाला, सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची पेटंटं विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागली, हे तुम्ही ऐकलं असेल. पण संगणकाच्या जाळ्यावरून शेकडो माणसं एकच काम करतात, तेव्हा अडचण निराळी असते. ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत आली.

युनिक्स ही संगणकप्रणाली एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेतली. १९५६च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हतं, म्हणून ती विद्यापीठांना युनिक्सचा कोड स्वस्तात देई. १९७५ मध्ये युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन बर्कलीला शिकवायला आले. बिल जॉयसारख्या विद्यार्थ्यांनी त्या कोडमध्ये भर घालायला सुरुवात केली. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संशोधन-संस्थेने पैसा पुरवला आणि १९८३च्या आवृत्तीत इंटरनेटची टीसीपी/आयपी व्यवस्था आली. आता बर्कली वाटत असलेल्या एकाच संगणकीय टेपवर कंपनीचं, सरकारी पैशाचं, विद्यार्थ्यांचं आणि बाहेरच्यांचं लिखाण! मालक कोण?

१९८४ मध्ये एटी अँड टीचं विभाजन झालं, कंपनी संगणकाच्या बाजारात उतरली आणि युनिक्सचा परवाना महागत गेला. तेव्हा १९८९ मध्ये बर्कलीने नेटवर्कचा स्वतःचा भाग वेगळा काढला. टेप हजार डॉलरला. पण एकदा घेतलीत की हव्या तितक्यांना फुकट वाटा. विद्यापीठाची मालकी-सूचना आणि श्रेय मात्र काढायचं नाही. माझ्या मते विद्यापीठाच्या नावाने निघालेला इतका शहाणा परवाना दुसरा नसेल, आणि तो पानभरही नव्हता.

मग बर्कलीच्याच गटातल्या कीथ बॉस्टिक यांनी नेटवरून जाहीर हाक दिली: कंपनीचा कोड न बघता, छापील वर्णनावरून युनिक्सच्या आज्ञा नव्याने लिहून द्या. मोबदला काय, तर यादीत नाव. शेकडो लोकांनी लिहून दिलं! त्यानंतर बॉस्टिक आणि त्यांचे सहकारी माइक कॅरल्स आणि कर्क मॅकुसिक यांनी मूळ गाभा फाईलवार तपासला, जणू प्रत्येक फाईलचा सातबारा काढला. १९९१ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं.

१९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने दावा लावला; आधी हा कोड विकणाऱ्या बीएसडीआय या कंपनीवर, नंतर विद्यापीठावरही. विद्यापीठाने उलट दावा ठोकला की तुम्हीच आमचा कोड तुमच्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्समध्ये घेतलात आणि श्रेय दिलं नाहीत. १९९४ मध्ये तडजोड झाली. १८,००० फायलींपैकी ३ काढाव्या लागल्या, सुमारे ७० फायलींवर कंपनीची मालकी-सूचना आली, तरी त्या फुकट वाटायला मोकळ्याच राहिल्या. फाईलवार तपासणी झाली नसती, तर एवढ्यावर भागलं नसतं. दरम्यान दावा लोंबकळत असताना लिनक्स ही दुसरी फुकट प्रणाली पुढे निघून गेली, हे नुकसान कुठल्याच तडजोडीत भरून आलं नाही.

बर्कलीचंही एक चुकलं. जाहिरातीतसुद्धा आमचं नाव छापा, अशी अट त्यांनी परवान्यात घातली होती. इतरांनी आपापली नावं घालून ती उचलली आणि नामावळी लांबतच गेली. अखेर १९९९ मध्ये विद्यापीठाच्या परवाना कार्यालयाने एका पत्रानिशी ती अट काढून टाकली.

मालक कोण, हा प्रश्न आपल्याकडेही येतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेलं लिखाण, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचं. पण विद्यार्थी सहसा विद्यापीठाचा नोकर नसतो. तीन महाविद्यालयांच्या सामायिक प्रकल्पात एखाद्या पीएचडीच्या मुलीने लिहिलेला कोड, तिने काही लिहून दिलेलं नसेल तर, तिचाच राहतो. मार्गदर्शकांना हे बहुधा तिने कंपनी काढल्यावर कळतं.